पुण्यात शिकायला आलात? मेस, रूम आणि कमी पैशात नीट जेवणाचं सगळं गणित

हे लिहितोय ते खास करून पेठांमध्ये कॉट बेसिसवर (म्हणजे रूममधल्या एका कॉटचं भाडं देऊन) किंवा दोघा-तिघांत रूम घेऊन राहणाऱ्या, घरून महिन्याला ठरावीक पैसे येणाऱ्या मुलामुलींसाठी. कॉलेजला आलेले असा, नाहीतर एमपीएससीचा अभ्यास करायला, जेवणाची गोष्ट सगळ्यांची सारखीच होते. पहिले पंधरा दिवस बाहेरचं चमचमीत, मग वीस तारखेला खिशाकडे लक्ष जातं आणि मग सकाळचा नाश्ता बंद, दुपारी मेस, रात्री वडापाव नाहीतर मॅगी. तीन-चार महिन्यांत ॲसिडिटी, केस गळणं, अभ्यासाला बसलं की डोळे मिटणं हे सुरू होतं आणि घरी फोनवर सांगायचं काय तर "हो जेवतोय नीट". असं नका करू. कमी पैशात चांगलं जेवता येतं, फक्त ते आधी ठरवावं लागतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मेस पूर्ण सोडून सगळा स्वयंपाक रूमवर करायचा हा उत्साह बहुतेकांचा महिनाभर टिकतो, आणि दोन्ही वेळ मेसवर अवलंबून राहिलं तर पोट भरतं पण बऱ्याच गोष्टी कमी पडतात. त्यामुळे एक वेळ मेस, एक वेळ रूमवरचं साधं जेवण आणि मध्ये भूक लागली की रूमवर ठेवलेला सुका खाऊ, ही रचना सगळ्यात जास्त दिवस चालते आणि स्वस्तही पडते.

आधी पैसे वेगळे काढा

घरून पैसे आले की त्याच दिवशी खाण्याचे पैसे बाजूला. मेसचे एकरकमी भरून टाका, आणि उरलेल्या खाण्याच्या पैशांचे चार भाग करा, आठवड्याला एक. दुसरा भाग दुसऱ्या आठवड्यातच काढायचा. यूपीआयमुळे दहा-वीस रुपये कसे जातात ते कळत नाही म्हणून शक्य असेल तर आठवड्याचे पैसे रोख काढून ठेवा, नोटा कमी होताना दिसल्या की हात आपोआप आखडतो.

आणि चहाचा हिशोब एकदा कागदावर करा. समजा चहा १२ रुपयांचा आणि दिवसाला तीन होतात, तर महिन्याचे १,०८० रुपये झाले, त्यात क्रीमरोल नाहीतर सिगरेट धरलेलीच नाही. अंडं ७ रुपयांना धरलं तर एवढ्या पैशात दीडशेच्या वर अंडी येतात. चहा बंद करा असं मी म्हणणार नाही, अभ्यासिकेतून बाहेर येऊन मित्रांशी बोलायची ती एकच जागा असते अनेकांची, पण तीनचे दोन केले तरी फळांचे पैसे निघतात.

मेस निवडताना घाई करू नका

रूम पार्टनर जिथे जातो तिथे आपण, असं करून महिन्याचे पैसे भरू नका. आधी तीन-चार वेळा एका वेळेचे पैसे देऊन जेवा, आणि रविवारची फीस्ट बघून तर अजिबात ठरवू नका कारण रविवारी सगळीकडेच चांगलं असतं, मंगळवारी रात्री साडेनऊला जाऊन बघा काय उरलंय आणि कसं वाढतात. वरणात डावाने ढवळल्यावर तळाला डाळ लागते की नुसतं पिवळं पाणी आहे ते बघा. भाजीवर तेलाचा तवंग किती आहे. आठवड्यातून पालेभाजी किती वेळा, उसळ किती वेळा, की रोज बटाट्याचीच वेगवेगळी रूपं. काकडी-कांदा नाहीतर कोशिंबीर देतात का. प्यायच्या पाण्याचं काय करतात. जेवल्यावर दोन तासांत घसा जळजळला तर ती मेस रोजची नाही, सरळ पुढची बघा.

मग नियम विचारा, आणि हे पैसे भरायच्या आधी विचारा. खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, धरतात का? बऱ्याच ठिकाणी एखाद-दुसऱ्या दिवसाचा खाडा धरत नाहीत, सलग काही दिवस गावाला गेलात आणि आधी सांगून गेलात तरच दिवस पुढे वाढवून मिळतात, त्यामुळे दिवाळीच्या किंवा गणपतीच्या महिन्यात पूर्ण पैसे भरायच्या आधी हा नियम नीट माहीत हवा. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, तेव्हा त्या वेळेची सोय तुमची तुम्हाला करायची आहे. एकाच वेळेची मेस लावता येते का, डबा मिळतो का, लिमिटेड ताटात किती पोळ्या. मेसच्या काकूंशी किंवा मावशींशी नीट बोलून ठेवा, त्यांना नाव माहीत झालेल्या मुलाला उशीर झाला तरी दोन पोळ्या झाकून ठेवलेल्या असतात हे मी अनेक मेसमध्ये बघितलंय.

एक वेळ कुठली लावायची? शक्यतो दुपारची लावा. दुपारी ताजं असतं, गर्दी असल्यामुळे भांडी लवकर रिकामी होतात, आणि रात्री रूमवर खिचडी-पिठलं करायला तसा वेळ मिळतो. ज्यांचं कॉलेज लांब आहे त्यांनी उलटं करावं.

मेसच्या ताटात काय कमी असतं

हा भाग जरा नीट वाचा कारण पुढची सगळी खरेदी यावर अवलंबून आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाच्या ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा असं आहे आणि डाळी-कडधान्यं कच्च्या वजनाने साधारण ८५ ग्रॅम धरली आहेत, म्हणजे घसघशीत दोन मुठी. मेसच्या ताटात निम्मा भाग कशाचा असतो ते तुम्हीच बघा. पोळी आणि भात.

प्रोटीनचं सांगायचं तर सर्वसाधारण माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम रोज लागतं, म्हणजे ६० किलो वजनाला ५० ग्रॅम. आता मेसचं एक जेवण धरा, चार पोळ्यांचं मिळून १२ ग्रॅमच्या आसपास, भाताचं तीन-चार, वाटीभर बऱ्यापैकी दाट वरणाचं चार-पाच, भाजीचं एक-दोन. झाले वीस-बावीस. वरण पातळ असेल तर त्याहून कमी. राहिले तीस ग्रॅम, आणि दुसरं जेवण वडापाव-चहावर गेलं तर ते येणार कुठून? जिमला जाणाऱ्यांना तर याहून जास्त लागतं.

म्हणून मग लोक पावडरच्या डब्याकडे जातात. त्याआधी एक साधा हिशोब करा, कुठल्याही पदार्थाची किंमत भागिले त्यातलं प्रोटीन. भाव वर-खाली होतात, तुमच्या दुकानातले घालून बघा, मी समजुतीसाठी आकडे घेतो. सोयाबीन वडीत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, किलो १५० रुपयांना मिळाली तर एक ग्रॅम प्रोटीन ३० पैशांच्या आत पडतं. मसूर डाळीत २४ च्या आसपास, १०० रुपये किलो धरली तर ४० पैसे आणि वर थोडं. शेंगदाणे १४० ने घेतले तर साठ पैशांच्या जवळपास. फुटाणे १६० ने ऐंशी पैसे. अंड्यात ६ ग्रॅम, ७ रुपयांचं अंडं म्हणजे सव्वा रुपयाच्या आत. आता पावडरच्या डब्याची किंमत घ्या आणि भागाकार करून बघा, म्हणजे वाण्याकडे जायचं की सप्लिमेंटच्या दुकानात ते तुमचं तुम्हाला कळेल.

रूमवर काय लागतं

पहिल्यांदा घरमालकांना विचारा. चोरून इंडक्शन लावायचा आणि मीटरवरून भांडण करायचं हे नको, आणि जुन्या वाड्यांत वायरिंगही जुनं असतं, तिथे एक्स्टेन्शन बोर्डवर इंडक्शन लावणं खरंच धोक्याचं आहे. जाड पिनेचा सॉकेट भिंतीत असेल तरच लावा. बिलाचं म्हणाल तर १,००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, म्हणजे १,२०० वॅटवर २५ मिनिटांत खिचडी झाली तर अर्धं युनिट. हे गणित मालकांना समोर बसून सांगा, महिन्याला ठरलेले जास्तीचे पैसे देतो म्हणा, बरेच जण ऐकतात.

परवानगी मिळाली तर इंडक्शन, इंडक्शनवर चालणारा दोन-तीन लिटरचा छोटा कुकर, एक कढई, सुरी, चार झाकणाचे डबे. बस. नवीन घेऊ नका, पेठांत दरवर्षी कोणी ना कोणी परीक्षा संपवून, पोस्ट मिळवून किंवा सोडून गावी जात असतं आणि जाताना हे सगळं अर्ध्याहून कमी किमतीत देऊन जातं, अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लक्ष ठेवा. कुकर मात्र जुना घेतला तर शिट्टी, रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बघून घ्या, रिंग तर नवीनच टाका.

परवानगी नाही मिळाली तरी अडत नाही, पाणी तापवायची किटली चालते का विचारा आणि बाकी न शिजवता खायचं भरपूर आहे.

मोड आणायला शिका, यात सगळं आलं

मटकी किंवा मूग. एका माणसाला दिवसाला अर्धी वाटी कोरडे पुरतात, फुगून दीड-दोन वाट्या होतात. सकाळी निवडून (मटकीत बारीक खडे असतात, हे टाळू नका) दोन-तीन पाण्यांनी धुवून भरपूर पाण्यात भिजत घाला. आठ तासांनी, म्हणजे अभ्यासिकेतून आलात की ते पाणी टाकून द्या, पुन्हा धुवा, सगळं पाणी निथळू द्या आणि स्वच्छ ओल्या सुती फडक्यात घट्ट गाठोडं बांधून चाळणीत किंवा डब्यात ठेवा. सकाळी मोड आलेले असतात. उन्हाळ्यात लवकर येतात, थंडीत गाठोडं टॉवेलात गुंडाळून ठेवावं लागतं, आणि पावसाळ्यात जास्त वेळ राहिलं तर चिकट होऊन वास येतो, तसा वास आला तर बिनधास्त टाकून द्या, चार रुपयांसाठी पोट बिघडवून घेऊ नका. पाणी पूर्ण निथळलं नाही हेच चिकट होण्याचं कारण असतं बहुतेक वेळा.

कच्चे मोड रोज खाऊ नका. ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात. कुकर असेल तर थोडं पाणी घालून एक शिट्टी करा. नसेल तर किटलीत पाणी खळखळून उकळा, स्टीलच्या डब्यात मोडांवर बुडेपर्यंत ओता, झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि पाणी काढा, पूर्ण शिजत नाहीत पण कच्च्यापेक्षा कितीतरी बरं. वर कांदा, टोमॅटो, मीठ, तिखट, शेंगदाणे आणि लिंबू. लिंबू चवीसाठी आहेच पण त्यातल्या सी जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगाला जास्त लागतं, म्हणून ते विसरायचं नाही. हाच नाश्ता. याला लागणारा वेळ एकूण धरला तर वीस मिनिटंसुद्धा होत नाही, फक्त आदल्या दिवशी आठवण राहायला पाहिजे, तर पाण्याच्या बाटलीजवळच मटकीचा डबा ठेवा.

रोज मोड खाऊन कंटाळा येतो. मग दही-पोहे, ताजं दही आणि भिजवलेले पोहे, वर दाण्याचं कूट. दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे. उकडलेली अंडी, ती रात्रीच कुकरमध्ये उकडून ठेवली तर सकाळी सोलून खाता येतात, पण फ्रिज नसेल तर रात्री उकडलेली सकाळीच संपवा. कच्ची अंडी थंड जागी आठवडाभर चांगली राहतात, तिघं मिळून ३० अंड्यांचा ट्रे घाऊकवाल्याकडून घेतला तर सुट्यापेक्षा स्वस्त पडतो.

रात्रीची दोन जेवणं जी कोणालाही जमतात

पहिली मुगाची खिचडी. घरी आई तांदूळ जास्त आणि डाळ थोडी घालते, आपण इथे बरोबरीने घालायची, पाऊण वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मूगडाळ, दोघांना होते किंवा एकाला रात्री आणि... नाही, सकाळसाठी ठेवू नका, भात बाहेर रात्रभर राहिला की बाधू शकतो, पार्टनरबरोबर वाटून खा. कुकरमध्येच तेल तापवून मोहरी, जिरं, लसूण, हळद, त्यात मूठभर शेंगदाणे, गाजर, मटार किंवा जे असेल ते, धुतलेले डाळ-तांदूळ घालून दोन मिनिटं परता आणि साडेचार वाट्या पाणी. मीठ, थोडा गोडा मसाला. तीन शिट्ट्या. पालक किंवा मेथी असेल तर वाफ गेल्यावर बारीक चिरून गरम खिचडीत ढवळा, तिथेच शिजते. वर लिंबू पिळा, घरचं तूप असेल तर चमचाभर. सोयाबीन वडी घालायची तर गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घाला, नाहीतर तो वास सगळ्या खिचडीला लागतो.

दुसरं कुळथाचं पिठलं, घाटावर ज्याला हुलग्याचं म्हणतात. पीठ घरून आणा. तीन मोठे चमचे पीठ दोन वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, कढईत लसूण-मिरचीची फोडणी, त्यात हे मिश्रण ओतून ढवळत राहायचं, दोन आमसुलं, मीठ, सात-आठ मिनिटांत होतं. भाकरी-पोळी करायची गरज नाही. पुण्यात प्रत्येक पेठेत पोळीभाजी केंद्रं आहेत, तिथे नुसत्या पोळ्या किंवा भाकऱ्या नगावर मिळतात, त्या घ्या आणि भाजी-पिठलं आपलं. सगळ्यात महाग पडते ती त्यांची भाजी, पोळीत तुमचा जो वेळ वाचतो तो पैशांपेक्षा जास्त मोलाचा.

ही दोन हाताखालून गेली की मसुराची आमटी, अंडा भुर्जी, भाज्या घातलेलं उपीट हे आपोआप येतं, आणि शंका आली की घरी व्हिडिओ कॉल लावा, तो फोन आईलाही आवडतो.

भाजी, फळं आणि ती कधी घ्यायची

मंडईत संध्याकाळी उशिरा जा, पालेभाजी उरलेली असते आणि विकणाऱ्या मावशींना ती संपवायची असते, जुडीचा भाव उतरतो. फ्रिज नाही म्हणून पालेभाजी त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी वापरायची. गाजर, कोबी, दुधी, भोपळा, बीट हे चार-पाच दिवस राहतात. शेतकरी आठवडे बाजार तुमच्या भागात कुठल्या वारी भरतो ते विचारून ठेवा. डाळ-तांदूळ-शेंगदाणे चौघांनी मिळून महिन्याचे एकदम घ्या, मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात नाहीतर मोठ्या किराणा दुकानात, सुट्या पाव किलोच्या पुड्या महाग पडतात.

सीझन बघून खा म्हणजे पैसे आपोआप वाचतात. थंडीत पुण्यात खाण्याची चंगळ असते, मेथी, मुळा, हरभऱ्याची भाजी, गाजर, मटार, पेरू, बोरं, आवळे. पेरूत संत्र्यापेक्षा सी जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं आणि आवळा तर विचारूच नका, तेव्हा सफरचंद परवडत नाही म्हणून हळहळू नका. उन्हाळ्यात काकडी, कलिंगड, कैरी, आणि ताक. पावसाळ्यात पालेभाज्या महाग आणि चिखलाच्या येतात, तेव्हा भोपळा, दोडका, कडधान्यं यांवर भर द्या आणि जी पालेभाजी आणाल ती तीन-चार पाण्यांनी धुवा. केळी बारा महिने.

घरून काय मागवायचं

गावाहून एसटीने डबा येतो, कोणी येणार असेल तर पिशवी येते, आणि त्यात चिवडा, शंकरपाळी, फरसाण भरलेलं असतं कारण घरच्यांना वाटतं पोराला खायला काहीतरी असावं. प्रेमाने येतं, नाही म्हणू नका, पण पुढच्या वेळी यादी द्या. कुळथाचं पीठ. थालिपिठाची भाजणी. मेतकूट, गरम भातावर मेतकूट-तूप म्हणजे पाच मिनिटांचं जेवण. नाचणीचं पीठ किंवा सत्त्व, नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध रोज परवडत नाही त्यांनी तर हे ठेवायलाच हवं. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी. शेंगदाणा-गूळ लाडू, थंडीत डिंकाचे. सोलापूर-लातूर-नगरकडच्यांनी ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणाव्यात, बरेच दिवस टिकतात, दह्यात किंवा आमटीत कुस्करून खाल्ल्या की पोट गच्च.

मुलींसाठी, आणि मुलांनीही वाचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. म्हणजे तुमच्या रूममध्ये दोघी असाल तर एकीला असण्याची चांगलीच शक्यता आहे. जिना चढताना धाप, सतत थकवा, चक्कर हे "अभ्यासाचं टेन्शन" म्हणून सोडू नका, हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या पूर्ण घ्या, कारण एकदा खूप कमी झालं की नुसत्या खाण्याने भरून यायला फार वेळ लागतो, आणि फक्त गूळ खाऊन तर वाढतच नाही. रोजच्या जेवणात कडधान्यं, पालेभाजी, अळीव, वर लिंबू किंवा आवळा, आणि मांसाहार चालत असेल तर कधीतरी चिकन-मटण, सुकट. जेवल्या जेवल्या चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं, तासाभराचं अंतर ठेवा. इतका साधा बदल आहे आणि एक रुपया लागत नाही.

उपवासाचंही इथेच सांगतो. आठवड्यातून दोन-दोन उपवास आणि त्यात बाहेरची साबुदाणा खिचडी, तेलकट आणि महाग, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच. उपवास करायचाच तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा, कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटांत होते, नाहीतर राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, उकडलेलं रताळं, दही, केळी.

बाहेर खायची वेळ आलीच तर

येणारच. मित्राचा वाढदिवस असतो, कधी मेस बंद असते. वडापाव एखादा खा, त्याचं जेवण करू नका. त्याच पैशांत थोडे घालून मिसळीत निदान मटकी मिळते, एकच पाव घ्या आणि उसळ वाढवून मागा. मटकी भेळ, इडली-सांबार, ऑम्लेट, पोळीभाजी केंद्रावरची उसळ हे चालतं. कोल्ड्रिंकऐवजी ताक. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी, उघडी चटणी आणि कापून ठेवलेली फळं टाळा, एकदा कावीळ किंवा टायफॉइड झाला तर अभ्यासाचे महिने जातात आणि औषधाला गेलेले पैसे वेगळेच.

पैसे खरंच पुरत नसतील तर उपाशी राहू नका

हे मनापासून सांगतोय, कारण लाजेपोटी एकवेळ जेवणारी मुलं या पेठांत आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिच्यात जेवणासाठीही वेगळी रक्कम धरलेली असते आणि पैसे थेट खात्यात येतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. हप्ते उशिरा येतात हे धरूनच चाला, पण अर्ज मुदतीत करा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी आणि कॉलेजचं बोनाफाईड गावाहून येतानाच घेऊन या म्हणजे हेलपाटे वाचतात. विद्यापीठात आणि अनेक कॉलेजांत कमवा आणि शिका योजना चालते, रोज काही तास काम करून मेसचे पैसे सुटतात. विद्यार्थी सहाय्यक समितीसारखी १९५५ पासून काम करणारी संस्था गावाकडच्या मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय कमी खर्चात करते, तिथेही अर्ज करा. आणि मेसच्या काकूंना खरं सांगा, "काकू, या महिन्यात पैसे दहा दिवस उशिरा देतो". बहुतेक काकू थांबतात.

महिनाअखेरीचा डबा

हा मी प्रत्येक नवीन मुलाला करायला लावतो. एक मोठा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात एक किलो तांदूळ, अर्धा किलो मसूर डाळ, पाव किलो सोयाबीन वडी, पाव किलो फुटाणे, एक पुडी कुळथाचं पीठ, थोडा गूळ, मीठ-हळद-तिखटाच्या छोट्या पुड्या. झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. २५ तारखेच्या आधी उघडायचा नाही, पार्टनरलाही सांगून ठेवा. शेवटच्या पाच-सहा दिवसांत खिसा रिकामा असला तरी रोज रात्री गरम डाळ-भात आणि अभ्यासिकेत खिशात फुटाणे-गूळ असतो. चार तमालपत्रं आत टाका म्हणजे किडे व्हायचा धोका कमी होतो, पावसाळ्यात मात्र तांदूळ दर महिन्याला बदला. आणि पुढच्या महिन्यात पैसे आले की मेसचे भरायच्या दिवशीच, दुसरं काही घ्यायच्या आधी, हा डबा परत भरून ठेवा.